एर्लांग/ओटीपी: पडझड गृहीत धरणारी प्रणाली

एर्लांग या प्रोग्रामिंग भाषेची शिफारस करणारे बहुतेक लोक सुरुवात आकड्यांपासून करतात. एका यंत्रावर लाखो प्रोसेस (स्वतंत्रपणे चालणारी कामे), व्हॉट्सॲपने २०१२ साली एकाच सर्व्हरवर पेललेली २० लाखांहून अधिक कनेक्शने, आणि एरिक्सन या दूरसंचार कंपनीच्या एका टेलिफोन स्विचविषयी सांगितली जाणारी, टक्केवारीत नऊ वेळा नऊचा अंक लिहावा लागेल इतकी उपलब्धता, म्हणजे विनाखंड चालू राहण्याचे प्रमाण. पहिले दोन दावे खरे आहेत आणि तिसऱ्याच्या मोजमापाविषयी जाणकारांतच मतभेद आहेत. परंतु एकाच वेळी अनेक कामे चालवण्यासाठी आज साधन निवडणाऱ्याला या आकड्यांवरून फारसे काही कळत नाही, कारण स्वस्त आणि असंख्य थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारे कामाचे धागे, गो भाषेत पहिल्यापासून मिळतात आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ पासून जावातही मिळू लागले आहेत. एर्लांग आणि तिच्यासोबत येणारी ओटीपी (ओपन टेलिकॉम प्लॅटफॉर्म) ही तयार ग्रंथालयांची चौकट वापरून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, एक काम बिघडले असता बाकीच्या कामांचे काय व्हावे या प्रश्नाचे जे उत्तर या प्रणालीच्या मुळाशी ठेवले आहे, त्यासाठीच ती घ्यावी. तिची सर्वांत मोठी उणीवही त्या उत्तराच्या अगदी शेजारी आहे: बिघडलेल्या कामाची एवढी काळजी घेणारी ही प्रणाली तुंबलेल्या कामाकडे मात्र तितक्या आस्थेने पाहत नाही.

ज्या कामाच्या आधारे हे लिहीत आहे त्याचे स्वरूप आधी सांगितले पाहिजे. दूध संकलन केंद्रांवरचे वजनकाटे आणि फॅट मोजणारी यंत्रे मोबाईल डेटावरून एका सर्व्हरशी जोडलेली राहतात, सकाळी आणि सायंकाळी संकलनाच्या वेळी जवळजवळ एकदम जागी होतात, रेंज गेली की तुटतात आणि पुन्हा जोडली जातात. शिवाय त्यांतल्या एका उत्पादकाच्या यंत्रांचे फर्मवेअर अधूनमधून अर्धवट मेसेज पाठवते. येथे गणिती काम अत्यल्प असते, कनेक्शने पुष्कळ असतात आणि बिघाड रोजचा असतो. ज्या प्रकारच्या कामासाठी एर्लांग जन्माला आली, त्याच्याशी हे काम बरेच मिळतेजुळते आहे, हे वाचकाने माझे मत तोलताना ध्यानात ठेवावे.

१९८६ च्या सुमारास स्टॉकहोममधील एरिक्सनच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट विर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या प्रोग्रामिंगसाठी ही भाषा घडवण्यास सुरुवात केली. पहिला इंटरप्रिटर प्रोलॉग या भाषेत लिहिलेला होता आणि त्याच्या खुणा एर्लांगच्या विरामचिन्हांत आजही दिसतात. एक्स्चेंजमध्ये हजारो कॉल एकाच वेळी चालू असतात, एका कॉलमधील चुकीमुळे दुसरा तुटता कामा नये, आणि दुरुस्तीसाठी एक्स्चेंज बंद ठेवण्याची सोय नसते. या तीन अटींतून भाषेचा बहुतेक आराखडा ठरला. कार्ल ह्युइट यांनी १९७३ साली मांडलेल्या ॲक्टर मॉडेलचे, म्हणजे स्वतंत्र घटकांनी एकमेकांशी केवळ मेसेजद्वारे बोलावे या कल्पनेचे, एर्लांग हे ठळक उदाहरण मानले जाते, पण निर्माते ते मॉडेल समोर ठेवून निघाले नव्हते. ते आपल्या अडचणीतून त्याच ठिकाणी पोहोचले. (खुद्द एरिक्सनच्या रेडिओ विभागाने १९९८ साली नव्या उत्पादनांत एर्लांग वापरण्यास मनाई केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये भाषा मुक्त स्रोत म्हणून बाहेर आली. त्या मनाईचे बाहेरच्या जगाने आभारच मानले पाहिजेत.)

एर्लांगमधील प्रोसेस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची प्रोसेस नव्हे आणि थ्रेडही नव्हे. बीम या आभासी यंत्राच्या आत राहणारी ही प्रोसेस जन्मतः सुमारे अडीच किलोबाइट मेमरी घेते, तिचा हीप (माहिती ठेवण्याची मेमरीतील जागा) पूर्णपणे तिचा स्वतःचा असतो, आणि दुसऱ्या प्रोसेसच्या हीपमध्ये हात घालण्याचा कोणताही मार्ग भाषेने ठेवलेला नाही. मेसेज पाठवणे म्हणजे त्यातील माहितीची नक्कल समोरच्याच्या मेलबॉक्समध्ये ठेवणे. ६४ बाइटपेक्षा मोठी बायनरी (कच्च्या बाइटची माहिती) तेवढी सामाईक जागी राहतात आणि त्यांचा केवळ संदर्भ पाठवला जातो. नक्कल करणे खर्चिक आहे, हा आक्षेप पहिल्या दिवसापासून घेतला जातो आणि तो बरोबरही आहे. पण त्या खर्चाच्या बदल्यात जे मिळते ते आक्षेप घेणाऱ्यांच्या हिशेबात बहुधा येत नाही: लॉक (सामाईक माहितीला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून घातलेली कुलुपे) लिहावे लागत नाहीत, कचरा गोळा करण्याचे, म्हणजे नको झालेली मेमरी मोकळी करण्याचे, काम प्रत्येक प्रोसेसपुरते स्वतंत्र चालत असल्याने सगळे यंत्र एकदम थांबत नाही, आणि प्रोसेस मेली की तिची मेमरी, तिची सॉकेट आणि तिचे टायमर यांची विल्हेवाट तिच्याबरोबरच लागते.

प्रोसेसना आळीपाळीने चालवणाऱ्या शेड्युलरविषयीही असेच म्हणता येईल. दर कोअरमागे एक शेड्युलर असतो आणि प्रत्येक प्रोसेसला सुमारे ४,००० रिडक्शनचे, म्हणजे ढोबळमानाने तितक्या फंक्शन कॉलचे माप मिळते. ते संपले की तिला बाजूला करून पुढची घेतली जाते. एर्लांगमध्ये लूप हे फंक्शनने स्वतःला पुन्हा बोलावूनच लिहावे लागते, त्यामुळे शेड्युलरच्या हातातून निसटेल असा लूप शुद्ध एर्लांगमध्ये लिहिताच येत नाही. गो भाषेत फंक्शन कॉल नसलेला घट्ट लूप मध्येच थांबवण्याची सोय २०२० मध्ये, १.१४ या आवृत्तीत आली, हे लक्षात घेतले म्हणजे या जुन्या निर्णयाचे मोल कळते. महिन्याचा हिशेब काढणारी जड प्रोसेस चालू असताना नव्या यंत्राचे कनेक्शन स्वीकारण्यास लागणारा वेळ आमच्याकडे जाणवण्याइतका वाढत नाही, आणि त्यासाठी आम्हाला वेगळे काही करावे लागलेले नाही.

परंतु खरा विषय सुपरवायझरचा आहे. दोन प्रोसेस लिंकने जोडता येतात, म्हणजे एक मेली की दुसरीलाही मरणाचा संकेत जातो. किंवा एकीला दुसरीवर मॉनिटर लावता येतो, म्हणजे मृत्यूची बातमी साध्या मेसेजच्या रूपाने येते. ओटीपीमधील सुपरवायझर याच पायावर उभा आहे. त्याचे एकच काम असते: आपल्या हाताखालील प्रोसेसवर नजर ठेवणे आणि ठरवून दिलेल्या धोरणानुसार त्यांना पुन्हा सुरू करणे. मेलेली एकटीच उठवायची, की सगळ्याच भावंडांना पाडून पुन्हा उभे करायचे, की मेलेली आणि तिच्या नंतर सुरू झालेल्या तेवढ्याच बदलायच्या, हे निवडता येते. सुपरवायझरवर सुपरवायझर असतो, आणि अशा रीतीने सगळा प्रोग्राम एका झाडाच्या रूपात उभा राहतो. नवशिक्याला हे झाड म्हणजे व्यवस्थेचा पसारा वाटतो. माझ्या मते तो प्रोग्रामचा सर्वांत प्रामाणिक नकाशा असतो, कारण कोणते काम कोणत्या कामाशिवाय निरर्थक आहे हे त्यात लिहून ठेवावेच लागते.

अर्धवट मेसेज पाठवणाऱ्या यंत्राचेच उदाहरण घेऊ. त्या यंत्राची प्रोसेस मेसेज उलगडताना अपेक्षित साच्याशी न जुळल्यामुळे मरते, कनेक्शन बंद होते, यंत्र स्वतःहून पुन्हा जोडले जाते आणि स्वच्छ स्थितीतली नवी प्रोसेस त्याच्या वाट्याला येते. अशी प्रोसेस ‘टेम्पररी’ म्हणून नोंदवलेली असल्याने सुपरवायझर तिला उठवण्याच्या भानगडीत पडत नाही आणि तिचा मृत्यू त्याच्या मर्यादेतही मोजला जात नाही. लॉगमध्ये मृत्यूचे कारण, शेवटचा मेसेज आणि त्या वेळची स्थिती उमटते. उलगडण्याच्या कोडमध्ये त्रुटी हाताळणाऱ्या फांद्या जवळजवळ नाहीत. ज्या माहितीचे काय करायचे हे ठाऊक आहे तिच्यापुरतेच कोड आहे. ‘क्रॅश होऊ द्या’ हे एर्लांगकरांचे घोषवाक्य बाहेरून बेफिकिरीचे वाटते, प्रत्यक्षात ते कोडची लांबी आणि त्यातील अंधारे कोपरे दोन्ही कमी करते.

या यंत्रणेतही एक धारदार कडा आहे, आणि ती ओटीपीने अधिक स्पष्ट सांगायला हवी होती. सुपरवायझरला पुन्हा उठवण्याची मर्यादा असते आणि मूळ मर्यादा पाच सेकंदांत एक इतकीच आहे. ती ओलांडली की सुपरवायझर आपल्या सर्व मुलांना बंद करून स्वतः मरतो आणि प्रश्न वरच्याकडे सोपवतो. दोन प्रयत्नांच्या मध्ये थांबण्याची सोय मात्र सुपरवायझरमध्ये नाही. त्यामुळे एखाद्या प्रोसेसने सुरू होतानाच डेटाबेसशी जोडले जाण्याची अट घातलेली असेल, तर डेटाबेस अर्धा मिनिट बंद राहिल्याने मर्यादा एका क्षणात संपते, अपयश एकेक पायरी वर चढते आणि सगळा ॲप्लिकेशन खाली येऊ शकतो. उपाय ठाऊक असला की सोपा आहे: प्रोसेसने ‘अजून जोडलेली नाही’ या स्थितीत सुरू व्हावे आणि वाढत्या अंतराने स्वतः प्रयत्न करावेत, बाहेरची सेवा उपलब्ध असेलच, असे वचन सुरुवातीच्या कोडने देऊ नये. हा धडा अनुभवी लोकांच्या लिखाणात सापडतो, पण जो माणूस केवळ अधिकृत पाने वाचून काम सुरू करील त्याच्या तो हाती लागेलच असे नाही.

गो आणि जावाशी तुलना करायची ती या ठिकाणी करावी. गोमधील गोरूटीन, म्हणजे त्या भाषेतला हलका थ्रेड, स्वस्त आहे, पण तिला ओळख नाही; बाहेरून तिच्यावर नजर ठेवता येत नाही, तिला मारता येत नाही, आणि एका गोरूटीनमधील न सावरलेला पॅनिक (चालू असताना उद्भवलेली गंभीर चूक) सगळा प्रोग्राम घेऊन जातो. जावा २१ चे व्हर्च्युअल थ्रेड हे ज्यांचे सगळे कोड जावात आहे अशांसाठी मोठे वरदान आहे, कारण जुन्या पद्धतीचे सरळ, वाट पाहणारे कोड तसेच ठेवून हजारो विनंत्या हाताळता येतात. पण मेमरी सगळ्यांची एकच राहते, आणि मध्येच मेलेल्या थ्रेडने सामाईक ऑब्जेक्ट कोणत्या अवस्थेत सोडला हे शोधणे प्रोग्रामरच्याच नशिबी राहते. एर्लांगमध्ये प्रोसेस मेली तर तिची बिघडलेली स्थिती तिच्याबरोबर नाहीशी होते. पुन्हा सुरू करण्याला अर्थ येतो तो या अलगपणामुळे. म्हणूनच सुपरवायझरची केवळ नक्कल असलेली ग्रंथालये इतर भाषांत आणली तरी तोच आधार मिळत नाही.

आता उणिवेकडे येतो. एर्लांगमध्ये मेसेज पाठवणे ताबडतोब पूर्ण होते, कारण समोरच्या मेलबॉक्सला मर्यादाच नाही. तो सांडवा नसलेले धरण आहे. सकाळच्या संकलनाच्या वेळी हजारो यंत्रांच्या प्रोसेस डेटाबेसमध्ये नोंद करणाऱ्या एका प्रोसेसकडे मेसेज टाकू लागल्या, आणि डेटाबेस थोडा मंदावला, तर त्या एका मेलबॉक्समध्ये रांग वाढत जाते. रांगेतले मेसेज सामान्यतः त्याच प्रोसेसच्या हीपचा भाग असल्याने कचरा गोळा करण्याचा वेळ वाढतो, त्यामुळे प्रोसेस आणखी मंदावते आणि रांग आणखी वाढते. शेवटी मेमरी संपते आणि बीम बंद पडते, म्हणजे ज्या लाखो प्रोसेस एकमेकींपासून इतक्या काळजीपूर्वक अलग ठेवल्या होत्या, त्या एकाच क्षणी जातात. एकमेकींच्या हीपला स्पर्श न करणाऱ्या प्रोसेस शेवटी यंत्राच्या एकाच मेमरीवर जगत असतात, ही गोष्ट एर्लांगच्या प्रचारात सहसा सांगितली जात नाही.

यावर ओटीपीने दिलेली साधने आहेत, पण ती अपुरी आहेत. उत्तराची वाट पाहणारा ‘कॉल’ वापरला तर पाठवणारा आपोआप थांबतो आणि रांगेला काहीसा लगाम बसतो. त्या कॉलची मुदत मुळात पाच सेकंदांची असते. मुदत संपली की पाठवणारा मरतो किंवा पुन्हा प्रयत्न करतो, मात्र त्याची पहिली विनंती समोरच्या रांगेत तशीच पडून असते. ओटीपी २४ पासून उशिरा आलेले उत्तर टाकून देण्याची व्यवस्था झाली, तरी जिची कोणी वाट पाहत नाही अशी विनंती पूर्ण करण्यात वेळ जायचा तो जातोच, आणि तोही नेमका ताण सर्वाधिक असताना. प्रोसेसच्या हीपला कमाल मर्यादा घालता येते, पण ती ओलांडताच प्रोसेस मारली जाते आणि रांगेतल्या नोंदींचे पाणी होते. दुधाच्या मापाची नोंद हरवणे म्हणजे कोणाचे तरी पैसे हरवणे, तेव्हा हा मार्ग आमच्या कामाचा नव्हता. आम्ही शेवटी ज्याला काम करायचे आहे त्यानेच पुढचे काम मागावे अशी रचना केली, नोंद करणाऱ्या प्रोसेसची संख्या वाढवली आणि यंत्राला पोच देण्याचा क्षण नोंद पक्की झाल्यानंतरचा ठेवला. हे सगळे चांगले चालते, पण ते आम्ही बांधले आहे. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांच्या १९७८ च्या मांडणीतून आलेल्या गोच्या चॅनेलमध्ये, म्हणजे गोरूटीनमधील मेसेजच्या वाहिनीत, चॅनेल भरले की पाठवणारा थांबतो, आणि हा लगाम तेथे पहिल्या दिवसापासून फुकट मिळतो. या एका मुद्द्यावर गो निःसंशय सरस आहे. बीमवरच चालणाऱ्या एलिक्सर या नव्या भाषेतील जेनस्टेजसारखी ग्रंथालये ही पोकळी भरून काढतात, पण मूळ ओटीपीत तिला जागा असायला हवी होती.

याच्याशी जोडलेली दुसरी सवय म्हणजे सगळी सामाईक माहिती एका प्रोसेसमध्ये ठेवून प्रत्येकाने तिलाच विचारणे. लॉक न लिहिताच तयार झालेले ते एक लॉक असते. वाचन पुष्कळ आणि लेखन थोडे असेल तर ईटीएस या अंतर्गत तक्त्यांचा वापर करावा. त्यांत मात्र अनेक प्रोसेस एकाच ओळीवर लिहू शकतात, म्हणजे सामाईक मेमरीचे जुने प्रश्न मागच्या दाराने परत येतात. दोन प्रोसेसनी एकमेकींना एकाच वेळी कॉल केला तर दोघी अडकतात आणि पाच सेकंदांनी मरतात. डेडलॉक येथे असतोच, एवढेच की त्याचे निदान टाइमआउटच्या रूपाने बऱ्यापैकी लवकर होते.

निदानाचा विषय निघाला म्हणून सांगतो, चालू यंत्रणेत डोकावण्याच्या बाबतीत एर्लांगइतके समाधान मला दुसऱ्या कोणत्याही प्रणालीने दिलेले नाही. चालत्या नोडला, म्हणजे बीमच्या चालू प्रतीला, शेल (आज्ञा देण्याची खिडकी) जोडून सर्वांत लांब रांग कोणाची आहे, सर्वाधिक मेमरी कोणाकडे आहे, अमुक एक प्रोसेस या क्षणी कोणत्या फंक्शनमध्ये आहे, हे विचारता येते. एकाच प्रोसेसपुरता, एकाच फंक्शनचा माग काढता येतो. आणि ऑब्झर्व्हर या साधनात सुपरवायझरचे झाड डोळ्यांनी पाहता येते. नावाने ओळखता येणारी, स्वतंत्र मेमरी असलेली प्रोसेस ही रचनेची एकक असल्यामुळेच हे प्रश्न विचारण्याजोगे होतात. एखाद्या केंद्राचा फोन आला की त्या केंद्राच्या यंत्राची प्रोसेस शोधून तिची स्थिती वाचणे, ही आमच्याकडे तक्रार सोडवण्याची रोजची पद्धत झाली आहे. शेलला कोणतेही बंधन नसते, हेही तितकेच खरे. चुकीच्या हातात ते सगळे बंद पाडू शकते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गणिती कामात एर्लांग मंद आहे. २०२१ मध्ये ओटीपी २४ सोबत आलेल्या जिट कंपायलरने (जो चालवतानाच कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करतो) फरक पडला, पण जड आकडेमोड दुसरीकडे करावी. सी भाषेतील कोड थेट जोडता येते, मात्र ते कोसळले तर बीमही कोसळते आणि सुपरवायझरचा काही उपयोग राहत नाही, म्हणून ती वाट शक्यतो टाळावी. दुसऱ्या यंत्रावरील प्रोसेसला त्याच पद्धतीने मेसेज पाठवता येतो हे सुंदर आहे. पण नोडमधील विश्वास एका सामाईक कुकीवर (गुप्त शब्दावर) चालतो, मूळ संवाद सांकेतिक केलेला नसतो, टीएलएस वेगळे बसवावे लागते, आणि प्रत्येक नोड प्रत्येकाशी जोडला जात असल्याने मोठ्या समूहात ही रचना जड होते. चालू असताना कोड बदलण्याची प्रसिद्ध सोय खरोखर चालते, तरीही सर्व्हर एकापेक्षा अधिक असतील तर एकेक करून नवी आवृत्ती चढवणे कितीतरी सोपे जाते. आम्ही ती सोय केवळ तातडीच्या छोट्या दुरुस्तीसाठी राखून ठेवली आहे.

खर्चाचे म्हणाल तर भाषा आणि ओटीपी अपाचे २.० परवान्याखाली मोफत आहेत. खर्च माणसांचा आहे. पुण्यात जावा येणारे लोक हवे तितके मिळतात, एर्लांग येणारा माणूस शोधावा लागतो, आणि नव्याला भाषा थोड्याच दिवसांत आली तरी झाड कसे रचावे आणि रांग कोठे तुंबेल हे उमगायला बराच काळ जातो. विनंती आली, डेटाबेसला विचारले, उत्तर दिले, एवढेच ज्यांच्या सेवेचे स्वरूप आहे आणि ज्यांची टीम जावाची आहे, त्यांनी व्हर्च्युअल थ्रेड वापरावेत. त्यांना एर्लांगकडे वळण्याचे कारण मला दिसत नाही. दीर्घकाळ टिकणारी कनेक्शने, प्रत्येकाची आपली स्थिती आणि बिघाडाची सवय, असे काम ज्यांच्यापुढे आहे त्यांनी एर्लांग जरूर घ्यावी. त्यांनाही लिहायला एलिक्सर अधिक सोयीचे जाईल, कारण तिची मांडणी आजच्या प्रोग्रामरच्या डोळ्यांना ओळखीची आहे आणि तिची साधने नीटनेटकी आहेत. तरी सुपरवायझर, जेन सर्व्हर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेसचा ओटीपीतील तयार साचा) आणि बीम दोन्हीकडे तेच आहेत, अडचणीच्या वेळी क्रॅशच्या अहवालात एर्लांगचीच रचना दिसते, आणि ओटीपी २७ पासून मूळ दस्तऐवजांची मांडणी एलिक्सरच्या पद्धतीची झाल्याने ते वाचण्यातला जुना त्रासही पुष्कळ कमी झाला आहे.